पाण्याची परतफेड

पुण्याच्या जुन्या पेठांतील वाड्यांत न्हाणीघराचे पाणी सहसा वाया जात नसे. मोरीतून निघालेला लहानसा पाट परसात उतरे आणि तेथील केळीचे बेट, अळवाचा वाफा, कर्दळीची रांग यांना ते पाणी आपोआप मिळे. आडातून पोहऱ्याने शेंदून काढलेले पाणी अशा रीतीने दुसऱ्यांदा उपयोगी पडे. घरातील वडीलधारी माणसे या व्यवस्थेला काही विशेष नाव देत नसत. ज्याने आडाचे पाणी शेंदले आहे त्याला भरलेल्या घागरीचे वजन ठाऊक असते. ते पाणी एकदा वापरून टाकून द्यावे, हे त्याच्या मनास पटत नसे, एवढेच.

आज याच गोष्टीला ‘सांडपाण्याचा पुनर्वापर’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. परंतु एका वाड्याचे पाणी परसातल्या केळीला देणे आणि लक्षावधी माणसांच्या शहराचे पाणी कोसावरच्या शेतांना देणे, यांत फार मोठे अंतर आहे. पुणे शहराने ते अंतर ओलांडण्याचा जो प्रयत्न केला, तो समजून घ्यावयाचा तर प्रथम शहराला पाणी येते कोठून, हे पाहिले पाहिजे.

अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत शहराच्या दक्षिणेस कात्रज येथे तलाव बांधला गेला आणि तेथील पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शहरात आणले गेले. या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे आणि गाळ काढावयाचा झाल्यास माणसाला आत उतरता येई. पंप नव्हता, वीज नव्हती. केवळ उताराच्या बळावर पाणी शनिवारवाड्यात आणि पेठांमधील हौदांत येऊन पडे. त्या काळच्या कारागिरांना जमिनीचा चढउतार किती अचूक समजत असला पाहिजे!

पुढे इंग्रजी अमदानीत मुठा नदीवर खडकवासला येथे मोठे धरण उभे राहिले. ते 1879 साली पूर्ण झाले. त्या तलावाला फाइफ या अभियंत्याचे नाव देण्यात आले होते. पुढे 1903 साली याच धरणावर विश्वेश्वरय्यांनी आपले प्रसिद्ध स्वयंचलित दरवाजे बसविले. या धरणाचे पाणी केवळ पुण्यासाठी नव्हते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावयास हवी. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाच्या धारा कोसळतात. पण पूर्वेकडे, दौंड आणि इंदापूरच्या दिशेने जावे तसतसा पाऊस विरळ होत जातो. त्या कोरड्या मुलखाला पाणी मिळावे म्हणून धरणापासून कालवे काढले गेले. म्हणजे खडकवासल्याचे पाणी आरंभापासूनच दोघांचे आहे: शहराचे आणि शेताचे.

शहर आपल्या धरणावर किती विसंबून असते, याचा दारुण अनुभव पुण्याला 12 जुलै 1961 रोजी आला. त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले आणि त्याच्या लोंढ्याने खाली असलेले खडकवासल्याचे धरणही फुटले. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पूर ओसरल्यावर आणखी एक विपरीत गोष्ट लोकांच्या ध्यानी आली. ज्या शहरात इतके पाणी शिरले होते, त्या शहरात प्यावयास पाणी नव्हते. कित्येक कुटुंबे पुन्हा आडांकडे आणि जुन्या हौदांकडे वळली.

त्यानंतर दोन्ही धरणे पुन्हा उभी राहिली. वरसगाव आणि टेमघर ही आणखी दोन धरणे बांधली गेली. या चार धरणांत मिळून सुमारे 29 टीएमसी उपयुक्त पाणी साठते. टीएमसी हे पाणी मोजण्याचे मोठे माप होय. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात सुमारे 2,830 कोटी लिटर. हा साठा पुष्कळ वाटतो; पण दुसऱ्या बाजूस माणसांची संख्याही पाहावी. 1951 च्या शिरगणतीत पुणे महापालिकेच्या हद्दीत पाच लाखांहून कमी माणसे होती. 2011 च्या शिरगणतीत ती 31 लाखांवर गेली, आणि त्यानंतर हद्दीत अनेक गावे आली. डोंगरावर पडणारा पाऊस मात्र शिरगणती पाहून वाढत नाही.

साहजिकच भांडणाला प्रारंभ झाला. पाऊस बरा झाला की कोणी काही बोलत नाही. तो कमी झाला की कालव्याच्या आवर्तनाचा प्रश्न निघतो. शहर म्हणते, “आधी पिण्याचे पाणी.” शेतकरी म्हणतो, “कालवा आमच्यासाठी काढला. उभे पीक जळाले तर आम्ही खावे काय, आणि तुम्ही तरी खावे काय?” दोघांचेही म्हणणे खरे आहे. खोटे आणि खरे यांचा तंटा सोडविणे सोपे असते; दोन खऱ्यांचा तंटा अवघड.

हा तंटा सोडविण्याची वाट गणिताने दाखविली. शहरात दर माणशी दररोज 135 लिटर पाणी लागते, असे साधारणपणे धरण्यात येते. पाच माणसांच्या कुटुंबास 675 लिटर. यांपैकी पिण्याला आणि स्वयंपाकाला लागते ते फारच थोडे. बाकीचे पाणी अंघोळ, कपडे, भांडी, फरशी आणि शौचालय यांना लागते. शंभर लिटरांतील सुमारे ऐंशी लिटर पाणी पुन्हा मोरीतून बाहेर पडते. म्हणजे या कुटुंबाचे दररोज 540 लिटर. पाणी ‘संपले’ असे आपण म्हणतो खरे, पण ते संपलेले नसते. ते फक्त मळलेले असते. सबंध शहराचा हिशेब केला तर एक लहानशी नदीच दररोज घराघरांतून वाहत बाहेर पडते, आणि ही नदी उन्हाळ्यातही आटत नाही.

मग शासन आणि महापालिका यांच्यात एक करार झाला. खडकवासल्याच्या साठ्यातून शहराने वर्षाला 11.5 टीएमसी पाणी घ्यावे आणि वापरून झाल्यावर त्यातील 6.5 टीएमसी पाणी शुद्ध करून शेतीला परत करावे, असे त्यात ठरले. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली तर वाटी परत करताना ती रिकामी द्यावयाची नसते. तसाच हा व्यवहार होता. शहराचा प्रत्यक्ष वापर मात्र ठरलेल्या वाट्याच्या पुष्कळ पुढे गेला आहे. म्हणजे उसने वाढले. त्यामुळे परतफेडीची जबाबदारीही वाढली.

परतफेड करावयाची कोठून? मुळा आणि मुठा या नद्यांचा संगम शहरातच होतो आणि मुळामुठा ही जोडनदी बंडगार्डनवरून पूर्वेकडे मुंढव्यास जाते. तेथे नदीकाठी महापालिकेने मोठी उपसाविहीर बांधली. तिला जॅकवेल म्हणतात. 2015 च्या सुमारास हे काम पुरे झाले. बंधाऱ्यापाशी अडलेले नदीचे पाणी या विहिरीतून पंपांनी उचलले जाते, मोठ्या नळांतून हडपसरच्या बाजूस नेले जाते आणि तेथून जाणाऱ्या जुन्या मुठा उजव्या कालव्यात सोडले जाते. लोक या जुन्या कालव्याला ‘बेबी कालवा’ म्हणतात. एका शतकापूर्वी ज्या कालव्यातून धरणाचे निर्मळ पाणी वाहत असे, त्यातून आता शहराने वापरलेले पाणी हवेली आणि दौंड तालुक्यांतील शेतांकडे जाऊ लागले. वाड्यातील मोरीचा पाट परसातल्या केळीपर्यंत जाई. हा पाट कित्येक कोस लांब झाला.

मात्र केळीला दिलेल्या पाण्यात साबण असे तो थोडा आणि सौम्य. शहराच्या सांडपाण्यात काय नसते? त्यात मैला असतो, तेलाचा तवंग असतो, कपडे धुण्याच्या पुडीतील क्षार असतात, रोगजंतू असतात. काही ठिकाणी कारखान्यांतील द्रव्येही मिसळतात. हे पाणी तसेच नदीत सोडले तर त्यातील घाण कुजू लागते. कुजण्याच्या क्रियेत पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्च होतो, आणि तो संपला की मासे तडफडून मरतात. उन्हाळ्यात मुळामुठेवर जलपर्णीचा हिरवागार गालिचा पसरलेला दिसतो. दुरून तो सुंदर वाटतो; पण सांडपाण्यातील खतावर ती वनस्पती पोसलेली असते, हे समजल्यावर त्या हिरवेपणाचे कौतुक उरत नाही.

यासाठी पाणी परत देण्यापूर्वी ते शुद्ध करावे लागते. हे काम ज्या ठिकाणी चालते त्यास मैलाशुद्धीकरण केंद्र म्हणतात. पुण्यात भैरोबा नाला, एरंडवणे, विठ्ठलवाडी, बोपोडी, खराडी, बाणेर इत्यादी ठिकाणी अशी केंद्रे उभारण्यात आली. केंद्रात येणारे पाणी प्रथम लोखंडी जाळ्यांतून जाते. तेथे चिंध्या, पिशव्या, काटक्या अडतात. नागरिक गटारात काय काय टाकतात, याचे प्रदर्शनच त्या जाळ्यांवर पाहावयास मिळते! पुढच्या हौदात पाण्याची गती मंद केली जाते, म्हणजे वाळू आणि खडे तळाशी बसतात. एवढे होऊनही पाणी गढूळच असते. कारण त्यात विरघळलेली घाण जाळीने अडत नाही आणि तळाशी बसतही नाही.

येथून पुढचे काम माणसाच्या हातून होत नाही. ते सूक्ष्म जंतू करतात. मोठ्या हौदात हे पाणी साठवून त्यात खालून सारखी हवा सोडली जाते. हौदावर बुडबुड्यांची खळबळ चाललेली असते. या हवेवर वाढणारे कोट्यवधी जंतू पाण्यातील घाण खाऊन टाकतात. मग पाणी शांत हौदात घेतले म्हणजे जंतूंचे पुंजके गाळाच्या रूपाने तळाशी बसतात आणि वर निवळ पाणी उरते.

या युक्तीचा शोध इंग्लंडमधील मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांनी 1914 साली प्रसिद्ध केला. त्यापूर्वीही सांडपाण्यात हवा सोडून पाहिली जात असे. पण पाणी पुरते शुद्ध होण्यास कित्येक आठवडे लागत. या दोघांनी एक साधी गोष्ट केली. पाणी निवळल्यावर तळाशी राहिलेला गाळ त्यांनी फेकला नाही. तो तसाच ठेवून त्यावर नवे सांडपाणी ओतले. असे वारंवार केल्यावर आठवड्यांचे काम तासांवर आले. आपल्या घरात दररोज हेच घडते. कालच्या दह्याचा चमचाभर भाग राखून ठेवतात आणि तो आजच्या दुधाला लावतात, त्याला विरजण म्हणतात. आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्याला विरजण लावले, असे म्हणावयास हरकत नाही. आजही जगातील असंख्य केंद्रांत काही गाळ मुद्दाम मागे ठेवण्यात येतो, तो यासाठीच.

शेवटी क्लोरीन किंवा तत्सम उपायाने उरलेले रोगजंतू मारले जातात. असे पाणी दिसावयास स्वच्छ असले तरी ते पिण्याजोगे नसते, हे ध्यानात ठेवावे. झाडांना, बांधकामाला, रस्ते धुण्यास, यंत्रे थंड करण्यास ते चालते. नागपूर शहराचे भांडेवाडी येथे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रास पुरविले जाते. तेवढे धरणाचे पाणी वाचते. पुण्यातही इमारतींच्या बांधकामासाठी पिण्याचे पाणी न वापरता शुद्धीकरण केंद्रातील पाणी टँकरने न्यावे, असा महापालिकेचा नियम आहे. सिमेंट कालविण्यास गोड्या नळाचे पाणी कशाला हवे?

पिण्याइतके शुद्ध करणे अशक्य आहे काय? नाही, पण त्यास आणखी पायऱ्या आणि पुष्कळ खर्च लागतो. आफ्रिकेतील नामिबिया देशात विंडहूक नावाचे शहर आहे. तेथे पाऊस तुटपुंजा आणि बारमाही नदी जवळपास नाही. त्या शहराने 1968 सालीच सांडपाणी अतिशय काळजीपूर्वक शुद्ध करून पिण्याच्या पाण्यात मिसळण्यास प्रारंभ केला. सिंगापूरला पुष्कळसे पाणी शेजारच्या देशातून विकत घ्यावे लागे. त्याने 2003 पासून असे पाणी मोठ्या प्रमाणावर वापरात आणले आणि त्यास ‘न्यूवॉटर’ असे नाव दिले. त्याचा बराचसा भाग कारखान्यांना जातो आणि थोडा जलाशयात मिसळला जातो. दोन्ही ठिकाणी पाण्याची तपासणी रात्रंदिवस चालते. शुद्ध केलेल्या पाण्याची किळस वाटते ती त्याचा पूर्वेतिहास ठाऊक असल्यामुळे. तपासणीवर विश्वास बसला की ती हळूहळू जाते.

पुण्याच्या व्यवहारात हा विश्वासच दुबळा पडला. कराराप्रमाणे पाणी कालव्यात येऊ लागले, परंतु त्याला दुर्गंधी येते, त्यावर फेस असतो, अशा तक्रारी शेतकऱ्यांनी वारंवार केल्या. त्याचे कारण समजण्यास कठीण नाही. शहरातले सगळेच सांडपाणी केंद्रांत पोहोचत नाही. कित्येक ओढेनाले ते तसेच नदीत आणून टाकतात. जुनी केंद्रे वाढत्या शहराला अपुरी पडली. आणि मुंढव्याची विहीर केंद्रांतून निघालेले पाणी थेट उचलत नाही. ती नदीतले पाणी उचलते. नदीत शुद्ध आणि अशुद्ध दोन्ही मिसळलेली असतात. दुधाच्या भांड्यात कोणी गढूळ पाणी ओतले तर भांडे कितीही चांगले असो, त्यातून गढूळच निघणार.

काही शेतकरी म्हणतात की या पाण्यावर ऊस जोमाने वाढतो. तेही खोटे नाही, कारण सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद ही खतद्रव्ये असतात. तथापि क्षार साचत गेले की जमीन हळूहळू खराब होते, पाणी झिरपून विहिरींत उतरते, आणि कोथिंबीर, मेथी, मुळा यांसारख्या भाज्यांवर असे पाणी पडले तर त्यातील रोगजंतू टोपलीत बसून पुन्हा शहराच्या मंडईत येतात. शहराने पाठविलेली घाण अशा प्रकारे शहराच्याच ताटात परत येऊ शकते.

हे ओळखून जपानच्या कर्जसाहाय्याने पुण्यात अकरा नवी शुद्धीकरण केंद्रे बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यांची मिळून क्षमता दररोज 396 दशलक्ष लिटर, म्हणजे सुमारे 40 कोटी लिटर ठरविण्यात आली. नाल्यांचे पाणी नदीत न पडता केंद्रांकडे वळावे म्हणून नव्या वाहिन्याही योजण्यात आल्या. मोठ्या गृहसंकुलांना आपले सांडपाणी आवारातच शुद्ध करण्याचे बंधन आहे. काही संकुले ते निष्ठेने पाळतात आणि त्या पाण्यावर आपल्या बागा राखतात; काही ठिकाणी मात्र विजेचे बिल वाचविण्यासाठी यंत्रे बंद ठेवली जातात. यंत्र विकत घेणे सोपे, ते दररोज चालविणे कठीण.

मुंढव्याला जे पाणी उचलले जात नाही ते मुळामुठेतून पुढे थेऊरवरून वाहत जाते आणि दौंडच्या अलीकडे भीमेला मिळते. तेथून ते उजनीच्या जलाशयात शिरते, सोलापूर जिल्ह्याच्या शेतांना आणि नळांना पोहोचते, आणि पंढरपुरास जाते. तेथे भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. आषाढी वारीच्या वाटेवर ज्ञानेश्वर आणि तुकाराम यांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा सारे शहर रस्त्यावर लोटते. वारकऱ्यांना कोणी जेवू घालतो, कोणी त्यांचे पाय चेपून देतो. ते वारकरी चालत पंढरपुरास पोहोचतात आणि चंद्रभागेत उतरतात. पुण्याच्या मोऱ्यांतून निघालेले पाणीही त्याच दिशेने वाहत असते.

इकडे बेबी कालव्याला पाण्याची पाळी आली की शेतकरी खांद्यावर फावडे टाकून बांधावर येतो. दारे धरण्यापूर्वी तो पाटात हात घालतो, ओंजळभर पाणी वर घेतो, त्याचा वास पाहतो, आणि मग ते उसाला द्यावे की भाजीच्या वाफ्याला, हे ठरवितो.

अभ्यास

1. ‘दोन खऱ्यांचा तंटा अवघड’ असे पाठात कोणत्या प्रसंगाविषयी म्हटले आहे? दोन्ही बाजू आपल्या शब्दांत मांडा.

2. आर्डर्न आणि लॉकेट यांच्या शोधाला विरजणाची उपमा का दिली आहे?

3. आपल्या घरात एका दिवसात किती बादल्या पाणी लागते ते मोजा. त्यांपैकी किती बादल्या पाणी झाडांना देता आले असते?

4. आपल्या गावाचे सांडपाणी कोणत्या ओढ्याला किंवा नदीला मिळते आणि पुढे ते कोणत्या गावाला जाते, याची वडीलधाऱ्या माणसांकडून माहिती मिळवा व नकाशा काढा.

5. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: आवर्तन, पाळी, दारे धरणे, निवळणे, परतफेड.